कागद कोणी जपला आणि कोणी जाळला: ब्रिटिश राजघराणे आणि ब्रिटिश समाज यांच्या इतिहासाचे काम

इतिहासात एम. ए. करणाऱ्या एका विद्यार्थिनीने तीन प्रश्न विचारले आहेत. ब्रिटनच्या राजघराण्याचा आणि तिथल्या समाजाचा इतिहास अभ्यासणारा माणूस दिवसभर नेमके काय करतो, राजघराण्याच्या कागदपत्रांवर कितपत भरवसा ठेवता येतो, आणि महाराष्ट्रातून येऊन हे काम आयुष्यभर करता येते का? मी गेली अठ्ठावीस वर्षे हेच काम करीत आले आहे. तिन्ही प्रश्नांची उत्तरे देते, पण सर्वांत जास्त जागा दुसऱ्या प्रश्नाला देणार आहे, कारण माझ्या मते या व्यवसायाचे मर्म तिथेच आहे.

आधी एक गैरसमज दूर करायला हवा. राजघराण्याचा इतिहास म्हणजे विवाह, दागिने आणि वारसाहक्क, आणि सामाजिक इतिहास म्हणजे गिरण्या, रोगराई आणि उपासमार, अशी वाटणी पुस्तकांच्या दुकानात दिसते. दप्तरांत ती टिकत नाही. राजवाड्याचा कारभार पाहणाऱ्या लॉर्ड चेंबरलेन आणि लॉर्ड स्ट्युअर्ड यांच्या खात्यांची दप्तरे आज लंडनच्या नैऋत्येला क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत, आणि त्यांत राजापेक्षा आचारी, खानसामे, धोबिणी आणि पुरवठादारच अधिक भेटतात. उलट, एखाद्या खेड्यातल्या चर्चच्या जमाखर्चात राज्यारोहणाच्या दिवशी घंटा वाजवणाऱ्यांना दिलेले पैसे सापडतात. मी दोन विषयांवर काम करीत नाही. एकाच समाजाची वरची आणि खालची कागदपत्रे शेजारी ठेवून वाचते.

दिवसाचे म्हणाल, तर बहुतेक दिवस वाचनगृहात जातो. पिशवी आणि पेन बाहेर ठेवावे लागते. आत फक्त पेन्सिल चालते, कारण शाईचा एक डागही तीनशे वर्षांच्या कागदावरून पुसता येत नाही. जाड बाड फोमच्या उतरत्या आधारावर ठेवायचे आणि पाने मिटू नयेत म्हणून त्यांवर वजनाची दोरी टाकायची. पांढरे हातमोजे घालून जुना कागद हाताळतात असे चित्रपटांत दिसते, पण कागदासाठी आम्ही हातमोजे वापरत नाही. मोज्यात बोटांची जाणीव बोथट होते आणि कागद फाटण्याचा धोका वाढतो. स्वच्छ धुतलेले कोरडे हात पुरतात. मोजे लागतात ते मुख्यतः छायाचित्रांना.

मग प्रश्न येतो अक्षराचा. सोळाव्या आणि सतराव्या शतकांत इंग्लंडमध्ये जे सेक्रेटरी वळण चाले, ते पहिल्यांदा पाहणाऱ्या इंग्रजालाही वाचता येत नाही. त्यातला ‘सी’ आजच्या ‘आर’सारखा दिसतो, ‘ई’ उलटा वळलेला असतो, ‘एच’चे शेपूट ओळीखाली उतरते आणि लांब ‘एस’ हटकून ‘एफ’ वाटतो. ज्यांनी मोडी शिकली आहे त्यांना ही अडचण नवी नाही. एकेका अक्षरावर अडून बसायचे नसते. लिहिणाऱ्याच्या हाताची लकब पकडायची, एकदा निश्चित वाचलेला शब्द खूण म्हणून धरायचा आणि त्यातल्या अक्षरांवरून पुढचे शब्द सोडवायचे. माझी मोडीची तालीम मला या कामात जितकी उपयोगी पडली तितकी इथल्या, म्हणजे ब्रिटनमधल्या, विद्यापीठातली कुठलीच शिकवणी पडली नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातल्या पत्रांची अडचण वेगळीच असते. जानेवारी १८४० मध्ये एका पेनीत पत्र जाऊ लागले. त्याआधी टपालाचा दर अंतरावर आणि कागदांच्या संख्येवर ठरे, आणि बहुधा तो पत्र घेणाऱ्याला भरावा लागे. त्यामुळे लोक एक पान पूर्ण लिहून झाले की ते पान आडवे फिरवून त्याच मजकुरावर काटकोनात दुसरा मजकूर लिहीत. असे पान समोर आले की नुसती जाळी दिसते. मी एकच दिशा धरून हलक्या आवाजात वाचत जाते. चार-सहा ओळी झाल्या की डोळा दुसरा थर आपोआप बाजूला सारायला शिकतो. त्या जाळीतूनच कळते की पत्र घेणाऱ्या घराला दुसऱ्या कागदाचे टपाल जड जात होते, आणि ही माहिती मजकुरात कुठेही लिहिलेली नसते.

तारखांबद्दल एकच सांगते, कारण नवख्या माणसाचा घात इथे हमखास होतो. १७५२ पर्यंत इंग्लंडमध्ये कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू होई. पहिल्या चार्ल्सचा शिरच्छेद आपण ३० जानेवारी १६४९ चा मानतो, पण त्या दिवशी लिहिलेल्या अनेक कागदांवर १६४८ असे आढळते. पुढे सप्टेंबर १७५२ मध्ये पंचांग बदलले तेव्हा २ तारखेनंतर थेट १४ तारीख आली. माझ्या पहिल्या प्रबंधात मी फेब्रुवारीतले एक पत्र पूर्ण एक वर्ष आधीचे धरले होते आणि त्यावर सगळे प्रकरण उभे केले होते. माझ्या मार्गदर्शकांनी समासात फक्त ‘२५ मार्च?’ एवढेच लिहून ते परत केले. ते प्रकरण मला नव्याने लिहावे लागले.

आता दुसरा प्रश्न. राजघराण्याचे मुख्य दप्तर विंडसर किल्ल्यातल्या गोल बुरुजात आहे. १९१४ पासून ते तिथे आहे. ते खासगी दप्तर असल्याने तिथे माहितीच्या अधिकाराचा कायदा लागू होत नाही. आपला विषय लिहून विनंती करावी लागते आणि परवानगी मिळाली तर ठरलेल्या दिवशी जाता येते. पण परवानगी हा प्रश्नाचा लहान भाग आहे. मोठा भाग हा की जे कागद आज तिथे आहेत ते कोणाकोणाच्या हातांतून गेले.

व्हिक्टोरिया राणीची रोजनिशी हे याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण आहे. १८३२ मध्ये, तेरा वर्षांची असताना तिने ती लिहायला घेतली आणि जानेवारी १९०१ मध्ये मृत्यूच्या काही दिवस आधीपर्यंत लिहिली. एवढा दीर्घ आणि सलग आत्मलेख युरोपातल्या दुसऱ्या कुठल्या राज्यकर्त्याचा माझ्या पाहण्यात नाही. पण आज आपण वाचतो ती बहुतेक रोजनिशी राणीच्या हातची नाही. आपल्या पश्चात धाकटी मुलगी बिॲट्रिस हिने ती नीट पाहून ठेवावी अशी राणीची इच्छा होती. बिॲट्रिसने पुढची कित्येक वर्षे बसून १११ वह्यांत तिची नक्कल केली, तिला अनुचित किंवा क्लेशकारक वाटले ते गाळले, आणि नक्कल होईल तशी मूळ वही नष्ट करीत गेली. राजा पाचवा जॉर्ज आणि राणी मेरी यांना ते पसंत नव्हते, पण त्यांना ते थांबवता आले नाही.

मग किती गेले हे कसे कळणार? सुदैवाने व्हिक्टोरियाच्या पत्रांचे संपादन करणारे लॉर्ड ईशर यांनी सुरुवातीच्या वर्षांची मूळ वह्यांवरून टंकलिखित प्रत करवून घेतली होती, आणि ती टिकली. ती १६ फेब्रुवारी १८४० ला संपते. राणीचा विवाह १० फेब्रुवारीचा, म्हणजे विवाहानंतरचे अवघे सहा दिवस आपल्याला दोन्ही पाठांत मिळतात. मी ही दोन्ही वाचने कितीतरी वेळा शेजारी ठेवून पाहिली आहेत. ईशरच्या प्रतीत वीस वर्षांची नवी नवरी बोलते: शब्दांखाली रेघा, तेच शब्द पुन्हा पुन्हा, पतीच्या रूपाचे आणि लाडक्या हाकांचे वर्णन. मुलीच्या नकलेत तीच घटना आटोपशीर, थंड आणि सभ्य होऊन येते. बिॲट्रिसने खोटे लिहिलेले नाही, पण आवाज बदलला. पुढच्या साठ वर्षांची रोजनिशी वाचताना हा फरक मनात ठेवावाच लागतो. राणी एखाद्या दिवशी संयत वाटली तर तो संयम आईचा की मुलीचा, हे विचारल्याशिवाय मी पुढे जात नाही.

छापील पत्रांचीही तीच कथा आहे. १९०७ मध्ये प्रसिद्ध झालेले व्हिक्टोरियाच्या पत्रांचे तीन खंड ईशर आणि आर्थर बेन्सन या दोन पुरुषांनी निवडले. मंत्र्यांशी आणि राजांशी झालेला पत्रव्यवहार त्यांना महत्त्वाचा वाटला. बाळंतपण, मुलांची आजारपणे, घरातली माणसे यांविषयी राणीने इतर स्त्रियांशी केलेला पत्रव्यवहार बहुतांशी बाहेर राहिला. त्या खंडांवर वाढलेल्या वाचकांच्या दोन-तीन पिढ्यांना राणी ठाऊक होती, नऊ मुलांची आई फारशी ठाऊक नव्हती.

आणि काही कागद तर सरळ आगीत गेले. १८८७ मध्ये आग्र्याहून आलेल्या अब्दुल करीम यांनी राणीला उर्दू शिकवले. राणी गेल्यावर सातव्या एडवर्डच्या हुकमाने त्यांच्याकडची राणीची पत्रे जाळण्यात आली. पण राणी ज्यांत रोज उर्दूच्या ओळी गिरवी त्या तेरा वह्या राहिल्या, कदाचित जाळणाऱ्यांपैकी कोणाला त्या वाचता येत नव्हत्या म्हणूनही असेल. ती लिपी येणाऱ्या वाचकाला तिथे असे दार उघडे मिळते की जे इंग्रजी पत्रांच्या बाजूने कायमचे बंद झाले आहे.

अशा वेळी पत्राचे दुसरे टोक शोधायचे, हे मी माझ्या विद्यार्थ्यांना पहिल्या दिवशी सांगते. पत्र पाठवणाऱ्याच्या घरी नष्ट झाले तरी घेणाऱ्याच्या घरी उरलेले असू शकते. व्हिक्टोरियाची थोरली मुलगी, प्रशियात दिलेली आणि पुढे जर्मनीची सम्राज्ञी झालेली विकी, हिने आईला लिहिलेल्या पत्रांत आपला मुलगा कैसर विल्हेल्म याच्याविषयीचे दुःख मोकळेपणाने मांडले होते. १९०१ च्या सुरुवातीला ती कर्करोगाने अंथरुणाला खिळली होती आणि ती पत्रे तिच्याजवळ, क्रोनबर्गच्या वाड्यात होती. भाऊ सातवा एडवर्ड भेटीला आला तेव्हा तिने त्याच्यासोबतच्या फ्रेडरिक पॉन्सन्बी यांना, म्हणजे आपल्याच धर्मपुत्राला, ती मुलाच्या हाती न लागू देता इंग्लंडला नेण्याची गळ घातली. पॉन्सन्बींची समजूत होती की लहानसे पुडके असेल. मध्यरात्रीनंतर चार माणसे दोन मोठ्या पेट्या घेऊन खोलीत आली. पॉन्सन्बींनी एकीवर ‘चिनी मातीची भांडी’ आणि दुसरीवर ‘पुस्तके’ असे लिहिले आणि त्या आपल्या सामानात मिसळून सगळ्यांच्या देखत बाहेर काढल्या. त्याच ऑगस्टमध्ये विकी वारली आणि कैसरच्या माणसांनी वाडा धुंडाळला, पण पत्रे गेली होती. ती १९२८ मध्ये छापली गेली. आज कैसरच्या बालपणाविषयी आपण जे आईच्या शब्दांत वाचतो, ते त्या दोन पेट्यांवरच्या खोट्या चिठ्ठ्यांमुळे उरले आहे.

अधिकृत निवेदन आणि खासगी टिपण यांतले अंतर किती असू शकते हे पाहायचे असेल तर २० जानेवारी १९३६ ची रात्र पाहावी. राजाचे जीवन शांतपणे अखेरीकडे जात आहे, असे पत्रक पाचव्या जॉर्जचे वैद्य लॉर्ड डॉसन यांनी काढले आणि रेडिओवरून ते देशभर ऐकले गेले. पन्नास वर्षांनी, १९८६ मध्ये डॉसन यांची टिपणे उजेडात आली तेव्हा कळले की त्यांनी स्वतः मॉर्फिन आणि कोकेनची इंजेक्शने देऊन मृत्यू अलीकडे आणला होता, आणि बातमी संध्याकाळच्या हलक्या वृत्तपत्रांऐवजी सकाळच्या ‘टाइम्स’मध्ये यावी, हा विचार त्यामागे असल्याचे त्यांनीच लिहून ठेवले होते. पत्रकातला एकही शब्द खोटा नव्हता. मात्र राजघराण्याचे मृत्युपत्र आणि वैद्यकीय पत्रक यांची भाषा मी तेव्हापासून वेगळ्या सावधपणे वाचते. मृत्युपत्रांचे तर असे की १९११ पासून राजघराण्यातील वरिष्ठ व्यक्तींची मृत्युपत्रे न्यायालयाच्या आदेशाने मोहोरबंद होतात. २०२१ मध्ये प्रिन्स फिलिप यांचे मृत्युपत्र नव्वद वर्षांसाठी बंद झाले.

आपल्याकडे इतिहासकार वि. का. राजवाडे यांनी बखरींपेक्षा अस्सल पत्राला श्रेष्ठ मानायला शिकवले, आणि ते योग्यच होते. या विषयात मात्र त्यापुढे एक पाऊल टाकावे लागते: अस्सल पत्र हाती आले तरी ते का राहिले, हे विचारावे लागते.

गरिबांच्या कागदांना हाच प्रश्न उलट्या दिशेने लागू पडतो. श्रीमंतांचे कागद घरच्यांनी जपले आणि घरच्यांनीच जाळले. गरिबांचे कागद राहिले ते सरकारला त्यांच्यावर खर्च करावा लागला म्हणून. १८३४ पूर्वीच्या गरीब-कायद्यात माणसाला मदत मिळे ती त्याचा कायदेशीर वास्तव्य-हक्क असलेल्या पॅरिशकडून, म्हणजे एका चर्चखालच्या गावविभागाकडूनच. कामासाठी लंडनला आलेला विणकर आजारी पडला की त्याला शंभर मैलांवरच्या गावच्या अधिकाऱ्यांना पत्र लिहावे लागे. घरभाडे थकले आहे, मुलांना बूट नाहीत, बायको बाळंतीण आहे, पैसे पाठवले नाहीत तर सगळ्या कुटुंबाला गावी परत यावे लागेल आणि तो खर्च तुम्हालाच पडेल, असा साधारण मजकूर असतो. शब्द कानाला ऐकू येतात तसे लिहिलेले, विरामचिन्हे नाहीत. डोळ्यांनी वाचून काहीच कळत नाही. मोठ्याने वाचले की त्या जिल्ह्याच्या बोलीत वाक्य उमटते. पत्राच्या पाठीवर कधीकधी अधिकाऱ्याच्या वळणदार अक्षरात पाठवलेल्या शिलिंगांचा आकडा असतो. त्या शेवटच्या वाक्यातली धमकी किती हिशेबी आणि किती शहाणपणाची होती, हे मला फार उशिरा उमगले. अधिकाऱ्यांच्या मनात काय चालते हे या लोकांना पुरते ठाऊक होते.

१८३४ च्या नव्या कायद्यानंतरचा असा पत्रव्यवहार क्यू येथे एम. एच. १२ या मालिकेत सोळा हजारांहून अधिक खंडांत बांधलेला आहे. एका माणसाच्या आयुष्यात तो वाचून होणार नाही. मी तीन जिल्ह्यांचे खंड घेतले आणि त्यांतच नऊ वर्षे गेली.

नोकर माणसांनी स्वतःविषयी लिहिलेले फारच थोडे उरले आहे. हॅना कलिक या मोलकरणीच्या रोजनिश्या केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजमध्ये आहेत. किती चुली पुसल्या, किती बूट घासले, हे ती दिवसागणिक लिहिते. पण ती लिहीत होती आर्थर मन्बी या वकिलाच्या आग्रहावरून, ज्याच्याशी तिने पुढे १८७३ मध्ये गुपचूप लग्न केले, आणि ते कागद राहिले ते त्याच्या संग्रहाबरोबर. कष्टांची वर्णने वाचताना तो वाचक पानामागे उभा आहे हे विसरून चालत नाही.

खानेसुमारीवरही डोळे मिटून विसंबू नये. १८४१ च्या गणनेत पंधरा वर्षांवरील माणसांची वये पाचाच्या पटीत खाली आणून लिहायची होती. चोवीस वर्षांची मोलकरीण कागदावर वीस वर्षांची होते. इंग्लंड आणि वेल्सच्या १९३१ च्या गणनेचे कागद डिसेंबर १९४२ मध्ये आगीत गेले, १९४१ ची गणना युद्धामुळे झाली नाही, आणि १९५१ ची शंभर वर्षांच्या नियमाने २०५२ च्या आधी उघडणार नाही. १९२१ नंतरच्या तीस वर्षांसाठी युद्ध सुरू होताच केलेली १९३९ ची लोकांची नोंदवही तेवढी हाताशी आहे.

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी आहे, पण पोटापाण्याचे आधी स्पष्ट सांगते. केवळ पुस्तके लिहून यात जगणारे थोडे आहेत. बाकीचे आम्ही विद्यापीठात शिकवतो, संग्रहालयांत किंवा अभिलेखागारांत नोकरी करतो, आणि माहितीपटांना सल्ला देतो. इथे येणाऱ्या विद्यार्थ्यांची फी जबर असते; शिष्यवृत्तीशिवाय पाऊल उचलू नका.

मात्र महाराष्ट्रातून येणाऱ्या अभ्यासकाजवळ असे काही असते जे इथल्यांजवळ नसते. मुंबई बेट १६६१ च्या विवाह-करारात कॅथरीन ऑफ ब्रगान्झाच्या आंदणात दुसऱ्या चार्ल्सकडे आले आणि १६६८ मध्ये त्याने ते वर्षाला दहा पौंडांच्या बोलीवर ईस्ट इंडिया कंपनीला दिले. राजाच्या लग्नाचा हा कागद आपल्या शहराचाही कागद आहे. साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांची बाजू मांडायला रंगो बापूजी लंडनमध्ये दहा वर्षांहून अधिक काळ राहिले. आणि २२ जून १८९७ या एकाच दिवसाकडे, व्हिक्टोरियाच्या राज्याच्या साठ वर्षांच्या ज्युबिलीच्या दिवसाकडे पाहा. सकाळी बकिंगहॅम राजवाड्यात व्हिक्टोरियाने विजेचे बटण दाबून साम्राज्यभर आभाराचा संदेश पाठवला आणि मिरवणूक निघाली. त्याच दिवशी रात्री पुण्यात गणेशखिंडीतल्या ज्युबिलीच्या समारंभातून परतताना रँड आणि आयर्स्ट यांच्यावर चापेकर बंधूंनी गोळ्या झाडल्या. प्लेगच्या पुण्यात घराघरांत शिरलेल्या शिपायांवरचा संताप आणि लंडनच्या रस्त्यांवरचा जयजयकार ही दोन्ही त्या ज्युबिलीच्या इतिहासाचीच पाने आहेत. पण इंग्रजी पुस्तकांत पुण्याचा भाग बहुधा तळटिपेत जातो, कारण दामोदर चापेकरांचे आत्मवृत्त, मराठी वृत्तपत्रे आणि मुंबई सरकारची दप्तरे एकत्र वाचू शकणारे इथे फार थोडे आहेत.

म्हणून तुम्ही दोन्हीकडचे कागद शेजारी ठेवण्यापासूनच सुरुवात करा. एकच सार्वजनिक राजसोहळा निवडा. मला विचाराल तर १२ मे १९३७ घ्या, सहाव्या जॉर्जच्या राज्याभिषेकाचा दिवस. त्याच वर्षी सुरू झालेल्या ‘मास ऑब्झर्व्हेशन’ या उपक्रमाने सामान्य माणसांना त्या दिवशी आपण काय केले, काय ऐकले ते लिहून पाठवायला सांगितले होते, आणि ते कागद आज ससेक्स विद्यापीठाच्या संग्रहात आहेत. त्याच दिवसाचे मुंबई सरकारचे कागद मुंबईत एल्फिन्स्टन महाविद्यालयाच्या इमारतीतल्या राज्य पुराभिलेखागारात मागून पाहा, आणि त्या आठवड्याची मराठी वर्तमानपत्रे एखाद्या जुन्या ग्रंथालयात चाळा. क्यूच्या अभिलेखागाराचे जुनी अक्षरे वाचायला शिकवणारे धडे इंटरनेटवर विनामूल्य आहेत. रोज अर्धा तास दिला तर सहा महिन्यांत सेक्रेटरी वळण वाचता येऊ लागते. मोडी येत नसेल तर ती त्याच्याही आधी शिका. प्रत्येक कागदाच्या टिपणात पहिल्या ओळीत तारीख लिहा, आणि दुसऱ्या ओळीत तो कागद कोणाच्या घरातून, कोणत्या कारणाने, कोणाच्या हातून तुमच्यापर्यंत आला ते लिहा. मजकुराची नोंद तिसऱ्या ओळीपासून सुरू करा.